जंताचं औषध सुरू केलं आणि चौथ्या दिवशी फिट आली: गोळ्या बंद करायच्या का?

तुम्ही कळवलेली हकीकत थोडक्यात अशी. धाकट्या भावाला दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत दोन गाठी दिसल्या आणि ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’, म्हणजे जंतामुळे मेंदूत झालेल्या गाठी, असं निदान झालं. फिटच्या गोळ्यांवर तो व्यवस्थित होता. मग अल्बेंडाझोल हे जंताचं औषध सुरू झालं आणि चौथ्या दिवशी त्याचा उजवा हात उडायला लागला, पाठोपाठ पूर्ण फिट आली. आता घरात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, या औषधानेच फिट आली, ते आधी थांबवा. दुसऱ्याचं म्हणणं, जंत मरत नाहीयेत, डोस वाढवून घ्या.

पहिल्यांदा तातडीचं सांगतो. आजच त्याच्या डॉक्टरांशी बोला आणि बोलणं होईपर्यंत कुठलीही गोळी आपल्या मनाने थांबवू नका, वाढवूही नका. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, डोकेदुखी वाढत जाऊन उलट्या सुरू झाल्या, तो गुंगीत जातोय असं वाटलं, दिसायला अंधुक झालं, तर फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. फिट चालू असताना त्याला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळात वेळ बघा. ती वेळ डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारताय की जंताचं औषध फिट आणतं की घालवतं. माझ्या मते दोन्ही तट एकाच ठिकाणी अडकलेत: दोघंही अल्बेंडाझोलकडे फिटचं औषध म्हणून बघतायत. ते फिटचं औषध नाहीच. त्याचं काम गाठीतला जंत मारणं, एवढंच. फिट आवरणं हे लेवेटिरासेटाम, कार्बामाझेपिन वगैरे गोळ्यांचं काम. आणि जंत मरताना जी सूज येते ती ताब्यात ठेवणं हे स्टेरॉइडचं काम. तिन्ही औषधं एकाच पिशवीत येतात, म्हणून घरच्यांची गल्लत होते. मी उपचार ठरवतो तेव्हा क्रमही हाच असतो: आधी फिट आवरायची, मग सुजेची तजवीज करायची आणि त्यानंतर जंताच्या औषधाचा निर्णय घ्यायचा. या तिघांत सगळ्यात कमी घाई कशाची असेल तर जंत मारण्याची.

चौथ्या दिवशी नेमकं काय झालं असावं ते बघू. जिवंत गाठ स्कॅनवर ओळखू येते. पाण्याने भरलेली, कडा स्वच्छ असलेली गोल काळी जागा आणि आत एका बाजूला चिकटलेला पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे जंताचं डोकं. अशी गाठ शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवा देत वर्षानुवर्षं शांत राहू शकते. आसपास सूज नसते, बऱ्याचदा त्रासही नसतो. जंत मरायला लागला, मग तो औषधाने मरो किंवा आपोआप, की हा चकवा संपतो. गाठीतले घटक बाहेर झिरपतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि गाठीभोवतीचा मेंदू सुजतो. सुजलेल्या मेंदूतल्या पेशी चिडखोर होतात आणि फिट तिथून सुटते. औषध सुरू केल्यावर ही प्रतिक्रिया साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागते. म्हणजे चौथा दिवस अनपेक्षित नाही. आधी उजवाच हात उडाला, हाही धागा आहे. उजव्या हाताची हालचाल मेंदूच्या डाव्या भागातून चालते. दोनपैकी एखादी गाठ तिथे असेल, तर फिट त्याच गाठीभोवतीच्या सुजेतून आली असण्याची शक्यता बरीच आहे. एमआरआयचा रिपोर्ट काढून गाठींची जागा बघा आणि हाताची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. ‘फिट आली’ यापेक्षा ‘आधी उजवा हात उडाला, मग बेशुद्ध झाला’ हे वाक्य आम्हाला कितीतरी जास्त सांगून जातं.

मग औषधाने फिट आली म्हणणारे बरोबर का? अर्धे बरोबर. औषधाने जंत मारला, मरणाऱ्या जंतामुळे सूज आली, सुजेमुळे फिट आली. पण त्यावरून गोळी बंद करणं हे उत्तर निघत नाही. चार दिवसांत सूज तर सुरू झाली, जंत मात्र पुरता मेला असेलच असं नाही. अर्धवट सोडलं तर त्रास भोगलेला असतो आणि गाठ जागेवर राहू शकते. अशा वेळी आम्ही बहुधा स्टेरॉइडचा डोस आणि फिटच्या गोळीचा डोस तपासतो, गरज पडली तर वाढवतो आणि कोर्स पूर्ण करतो. सूज फारच वाढली असेल तर जंताचं औषध काही काळ थांबवावंही लागतं. दोन्ही रस्ते बरोबर असू शकतात. कुठला घ्यायचा ते रुग्णाला तपासून आणि बऱ्याचदा पुन्हा स्कॅन करूनच ठरतं, म्हणून मी इथून सांगू शकत नाही.

मारायचंच कशाला, असाही प्रश्न घरात निघेल, आणि तो रास्त आहे. यावर तज्ज्ञांमध्येही अनेक वर्षं वाद होता. गाठी आपोआपही मरतात, मग मुद्दाम सूज का ओढवून घ्यायची, असं म्हणणारे अनुभवी डॉक्टर होते. २००४ साली पेरूमधल्या एका चाचणीने चित्र बरंच स्पष्ट झालं. जिवंत गाठी आणि फिट असलेल्या १२० रुग्णांपैकी निम्म्यांना दहा दिवस अल्बेंडाझोल आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, उरलेल्यांना औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. फिटचं औषध सगळ्यांनाच चालू होतं. नंतरच्या काळात सर्वांगाला पसरणाऱ्या फिट औषध घेतलेल्या गटात ६७ टक्क्यांनी कमी आढळल्या. शरीराच्या एकाच भागापुरत्या राहणाऱ्या फिटमध्ये मात्र ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही. मी हे दोन्ही निष्कर्ष रुग्णाला सांगतो. जंत मारल्याने पुढच्या मोठ्या फिट कमी होण्याची चांगली आशा आहे, पण फिट कायमची गेलीच अशी हमी कुणी देऊ नये.

हा फायदा जिवंत गाठींचा आहे. इथून पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून. गाठ मरून तिचा कॅल्शियमचा खडा झाला असेल तर जंताच्या औषधाचा काडीचाही उपयोग नाही, कारण मारायला आत काही उरलेलंच नाही. तरी अशा खड्याभोवती अधूनमधून सूज येते आणि फिटही येते. त्यासाठी फिटच्या गोळ्या लागतात, अल्बेंडाझोल नाही. ‘रिपोर्टमध्ये जंत लिहिलंय ना, मग मारायला नको?’ म्हणत कॅल्शियम झालेल्या गाठींसाठी दर सहा महिन्यांनी जंताचा कोर्स करणारी माणसं माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी स्कॅनमधला तो पांढरा खडा दाखवतो आणि मग अल्बेंडाझोलची पट्टी बाजूला काढून ठेवतो.

दुसऱ्या टोकाला शेकडो गाठी आणि सगळा मेंदू सुजलेला, असे रुग्ण असतात, विशेषतः लहान मुलं आणि तरुण मुली. तिथे जंत मारणारं औषध जिवावर बेतू शकतं, कारण एकाच वेळी सगळ्या गाठी भडकतात आणि कवटीत सुजेला जागाच नसते. अशा वेळी फक्त सूज उतरवायची, जंताला हात लावायचा नाही. मेंदूतल्या पाण्याची वाट अडून डोक्यातला दाब वाढला असेल तर आधी त्यावर उपाय, बऱ्याचदा शस्त्रक्रिया. आणि डोळ्यात गाठ असेल तर औषधाने येणारी सूज नजर घालवू शकते, म्हणून कोर्सच्या आधी डोळ्याचा पडदा तपासून घेणं हा नियम आहे. भावाची ही तपासणी झाली नसेल तर उद्यावर टाकू नका.

डोसबद्दल घरात चर्चा चाललीय म्हणून सांगतो. अल्बेंडाझोल वजनावर देतात: दर किलोला दिवसाला १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, साधारण १० ते १४ दिवस. एक-दोन जिवंत गाठींना एवढं पुरतं. दोनहून जास्त असतील तर सोबत प्राझिक्वांटेल हे जंताचं दुसरं औषध, दर किलोला दिवसाला ५० मिलिग्रॅम, जोडलं जातं. घरी पोट साफ ठेवायला घेतात ती ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी आणि हा कोर्स यांची तुलना करू नका. नाव सारखं असलं तरी उद्देश वेगळा आणि जोखीमही वेगळी. आणि अल्बेंडाझोल जेवणासोबतच घ्यायचं, तेही थोडं तूप-तेल असलेल्या जेवणासोबत. उपाशीपोटी घेतलेली गोळी आतड्यातून फारशी शोषलीच जात नाही, स्निग्ध जेवणाबरोबर ती कित्येक पटींनी जास्त रक्तात उतरते. डोस वाढवा म्हणणाऱ्या तुमच्या नातेवाइकांना आधी विचारा की भाऊ गोळी जेवणाआधी घेतो की जेवताना.

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते. फिटची काही औषधं जंताची औषधं निकामी करतात. फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटॉन यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालवतात. मग प्राझिक्वांटेल रक्तात टिकतच नाही, त्याची पातळी अगदी तळाला जाते. अल्बेंडाझोलच्या परिणामकारक घटकाचीही पातळी घटते, प्राझिक्वांटेलइतकी नाही, पण घटते. एक तरुणी माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी आली होती. कोर्स पूर्ण झाला होता, सहा महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये गाठी जशाच्या तशा, आतला ठिपकाही तसाच स्पष्ट. तिला मी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. फेनिटोइनची अर्धी झालेली बाटली, प्राझिक्वांटेलची रिकामी पाकिटं आणि अल्बेंडाझोलच्या पट्टीवर पेनाने लिहिलेलं ‘सकाळी उपाशीपोटी’. जंत औषधाला दाद देत नाहीत असं तिला वाटत होतं. खरं तर औषध जंतापर्यंत पुरेसं पोचलंच नव्हतं. तिचं फिटचं औषध आम्ही हळूहळू लेवेटिरासेटामवर नेलं, ते नीट बसल्यावर कोर्स पुन्हा केला, या वेळी जेवणासोबत. पुढच्या स्कॅनमध्ये एक गाठ नाहीशी झाली होती आणि दुसरी आकसली होती.

हे वाचून भावाची फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन थांबवू नका. फिटची गोळी अचानक बंद केली की न थांबणारी फिट येऊ शकते, आणि तो धोका गाठीपेक्षा कितीतरी मोठा आहे. बदल करायचाच तर डॉक्टर नवं औषध चढवत जुनं उतरवतात. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाने यकृतातली ती यंत्रणा जोरात चालत नाही, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो देत नाहीत. गरोदरपणात अल्बेंडाझोलही टाळतात. वाचणाऱ्या कुणाला लागू असेल म्हणून लिहिलं.

स्टेरॉइडबद्दल लोकांच्या मनात धास्ती असते आणि त्यामुळे तीच गोळी गुपचूप वगळली जाते. जिवंत गाठींवर जंताचं औषध देताना स्टेरॉइड हा जोडीला दिलेला टॉनिकचा प्रकार नाही. ते किमान आदल्या दिवसापासून सुरू व्हायला हवं, म्हणजे सूज येईल तेव्हा बंदोबस्त तयार असतो. तुम्ही पाठवलेल्या औषधांच्या यादीत मला डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन दिसलं नाही. यादी अपुरी असेल, किंवा पट्टी घरीच कुठे बाजूला पडली असेल. डॉक्टरांशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारा. दुसरं, स्टेरॉइड एकदम थांबवल्यावर दबलेली सूज परत उसळते आणि जंताचा कोर्स संपल्यानंतरच्या आठवड्यांत फिट येते. म्हणून ते पायरीपायरीने कमी करतात. कोर्स संपला म्हणून सगळ्याच गोळ्या एका दिवशी बंद केल्या, असं बऱ्याचदा घडतं.

स्टेरॉइडला स्वतःचे धोके आहेतच. मधुमेह असेल तर साखर वाढते. क्षयरोग दबून असेल तर जागा होऊ शकतो. आणि स्ट्रॉन्जिलॉइड्स नावाचा एक जंत आतड्यात गुपचूप राहत असेल तर स्टेरॉइडमुळे तो अंगभर पसरून रुग्ण दगावू शकतो. म्हणून जास्त दिवस स्टेरॉइड द्यायचं असेल तर आम्ही या दोन्हींची चाचपणी करतो. स्ट्रॉन्जिलॉइड्सची शंका असेल तर आधी आयव्हरमेक्टिन देतो.

आयव्हरमेक्टिनचं नाव निघालं म्हणून: त्याने फिट बऱ्या होतात असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. त्यामागची खरी गोष्ट वेगळी आहे. आफ्रिकेत काळ्या माशीमुळे पसरणाऱ्या ऑन्कोसर्कायसिस या कृमिरोगाचा जिथे सुळसुळाट आहे, तिथल्या मुलांमध्ये फिटचं प्रमाण फार आढळतं. युगांडा, दक्षिण सुदान, टांझानिया इथली डोकं वारंवार खाली झुकणारी ‘नॉडिंग सिंड्रोम’ची मुलं त्यातलीच. तिथे आयव्हरमेक्टिन नियमित वाटल्याने नव्या मुलांना हा आजार होण्याचं प्रमाण घटवता येतं. ते त्या कृमीपुरतं. भावाच्या गाठींवर आयव्हरमेक्टिन हा उपचार नाही. आणि ते निर्धोकही नाही: मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाच्या कृमीची पिल्लं रक्तात खूप असलेल्या माणसांना ते दिल्यावर मेंदूला गंभीर इजा झाल्याच्या घटना आहेत, आणि मनाने घेतलेल्या मोठ्या डोसने गोंधळणं, तोल जाणं, फिट येणं हेही होतं.

दुसऱ्या कारणाने अपस्मार असलेल्यांनी, म्हणजे ज्यांच्या मेंदूत गाठी नाहीत त्यांनी, पोटातल्या जंतांसाठी औषध घ्यावं का, असंही तुम्ही आईच्या संदर्भात विचारलंय. अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोलचा नेहमीचा छोटा डोस बहुतेकांना चालतो. पायपरेझिन हे जंताचं औषध मात्र अपस्मारात देत नाहीत, त्याने फिट येऊ शकते. अमिबासाठी दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल क्वचित फिट आणतं आणि फेनिटोइनची पातळी वाढवू शकतं, तेव्हा ते लिहून देणाऱ्याला आईच्या गोळ्यांची यादी दाखवा. हिवतापाच्या औषधांत मेफ्लोक्विन फिटच्या रुग्णांना प्रतिबंधासाठी देत नाहीत आणि क्लोरोक्विन जपून देतात. पण हिवताप स्वतःच फिट आणू शकतो, त्यामुळे औषधाला घाबरून त्याचा उपचार लांबवायचा नाही. फक्त योग्य औषध निवडायचं.

इथवरचं तुमच्या भावापुरतं सांगायचं तर: फिटची गोळी चालू ठेवायची, स्टेरॉइड आहे की नाही आणि पुरेसं आहे की नाही ते आज विचारायचं, आणि अल्बेंडाझोल पुढे न्यायचं की थांबायचं हे तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवायचं.

किती दिवस गोळ्या, याचं एकच उत्तर नाही. गाठी दिसेनाशा होईपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी एमआरआय करतात. एका कोर्समध्ये सगळ्या गाठी जातीलच असं नाही, राहिली तर पुन्हा कोर्स देता येतो आणि तो अपयश मानू नका. एकच छोटी, आधीच विझत चाललेली गाठ होती, ती खडा न बनता विरघळली आणि सहा महिने फिट नाही, असा रुग्ण असेल तर फिटची गोळी हळूहळू उतरवायचा विचार लवकर करता येतो. तुमच्या भावासारख्या जिवंत गाठींच्या रुग्णात गाठी गेल्यावरही सलग दोन वर्षं फिट नसावी, असं बघतो. कॅल्शियमचा खडा राहिला किंवा मधे फिट येत राहिल्या तर त्याहून जास्त. हा काळ लांब वाटतो हे मला कळतं. गोळी चालू असताना बरं वाटणं म्हणजे गोळीची गरज संपणं नव्हे, हे त्याला तुम्हीच समजावू शकाल. त्याच्या रोजच्या सहवासात तुम्ही आहात, मी नाही.

शेवटी, ‘आमच्या घरी कुणी मांस खात नाही, मग हे कसं झालं?’ या प्रश्नाबद्दल. मेंदूतली गाठ मांस खाल्ल्याने होत नाही. डुकराचं कच्चं-अर्धकच्चं मांस खाल्ल्याने आतड्यात फितीसारखा लांब जंत वाढतो, आणि त्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. ती अंडी न धुतलेल्या हातातून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून ज्याच्या पोटात जातात त्याच्या मेंदूत गाठ होते, मग तो शुद्ध शाकाहारी का असेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार हा जंत जिथे ठाण मांडून आहे तिथल्या अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो. तेव्हा भावाला दोष देऊ नका आणि स्वयंपाक करणाऱ्यांनाही नाही. पण घरातल्या सगळ्यांची, आणि रोज घरात जेवण करणारं बाहेरचं कुणी असेल तर त्यांचीही, शौचाची तपासणी करून घ्या. कुणाच्या आतड्यात हा जंत निघाला तर प्राझिक्वांटेलच्या एका डोसमध्ये तो जातो. फक्त त्या व्यक्तीला कधी फिट आली असेल किंवा जुनाट डोकेदुखी असेल तर ते आधी सांगा. प्राझिक्वांटेल रक्तातून मेंदूत पोचतं आणि तिथे लपलेली, माहीत नसलेली गाठ भडकवू शकतं. अशा व्यक्तीला निक्लोसामाइड हे औषध बरं, ते आतड्यातून जवळपास शोषलंच जात नाही, त्यामुळे मेंदूतल्या गाठीपर्यंत जात नाही.